ब्राउझर सुरक्षा तपासणी आणि सीमाभागातील अडथळे

ब्राउझर सुरक्षा तपासणी म्हणजे संकेतस्थळाच्या दारातच होणारी छाननी. येणारा खरोखर माणूस आहे की आपोआप चालणारा बॉट, हे तिथे ठरते. पडद्यावर गोल फिरू लागतो, ‘तुम्ही माणूस आहात याची खात्री करत आहोत’ अशा अर्थाची ओळ येते. कधी चौकटीत टिचकी मारावी लागते, कधी चित्रे निवडावी लागतात. बहुतेक वेळा दोन-चार सेकंदांत वाट मोकळी होते. ती होत नाही तेव्हा बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ऑनलाईन सेंटरवर ‘नुसतं गोल फिरुलालंय’ अशी तक्रार येते आणि ‘सर्व्हर डाऊन असेल, उद्या या’ असे उत्तर मिळते. पुष्कळदा हे उत्तर चुकीचे असते. सर्व्हर चालू असतो, अडवलेले असते ते दाराने. आणि दाराने अडवले असेल तर त्यावर त्याच जागी बसून करण्यासारखे बरेच असते.

हा प्रश्न सीमाभागात अधिक बोचतो, कारण इथल्या कुटुंबांचे कागद दोन राज्यांत विखुरलेले आहेत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव, कारवार, बिदर भागांतील मराठी गावे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. घर निपाणीत आणि शेती कागल तालुक्यात, माहेर चंदगडचे आणि सासर बेळगावच्या पश्चिमेचे, अशी स्थिती घरोघरी दिसते. शेताचा उतारा २००० साली सुरू झालेल्या कर्नाटकाच्या ‘भूमी’ प्रणालीतून काढायचा, सातबारा महाराष्ट्राच्या संकेतस्थळावरून, आणि जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे कर्नाटकाच्या स्थानिक महसूल कार्यालयातून. प्रत्येक दाराची छाननी निराळी आणि पाटीची भाषाही निराळी. मराठी शाळेत शिकलेल्या वडीलधाऱ्यांना कन्नड सूचना वाचता येत नाही. त्यामुळे संकेतशब्द चुकला, देखभालीसाठी काम बंद आहे की तपासणीने अडवले आहे, हा फरकच त्यांना कळत नाही. दुसऱ्या फोनवर गुगल ट्रान्सलेट उघडून त्याचा कॅमेरा पडद्यावर धरला की कन्नड मजकूर मराठीत दिसतो. तपासणीशी झगडण्याआधी एवढे करावे.

घडण

माणूस आणि यंत्र यांत फरक करणाऱ्या चाचणीला ‘कॅप्चा’ हे नाव २००३ च्या सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठातील लुई फॉन आन, मॅन्युएल ब्लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केले. सुरुवातीला वेडीवाकडी अक्षरे ओळखायची असत. २००७ साली आलेल्या रीकॅप्चाने त्या अक्षरांच्या जागी जुन्या छापील मजकुरातले, यंत्राला न वाचता आलेले शब्द ठेवले. लोक चाचणी देता देता जुनी वृत्तपत्रे संगणकावर उतरवत होते. २००९ मध्ये गुगलने ही सेवा घेतली आणि २०१४ पासून नुसत्या टिचकीची चौकट आली. संकेतस्थळांना संरक्षण पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीचे २०२२ मधील टर्नस्टाइल हे त्याच्याही पुढचे पाऊल आहे. त्यात बहुधा कोडे घालतच नाहीत, ब्राउझरचीच परीक्षा होते.

ही परीक्षा जावास्क्रिप्टमधून, म्हणजे पानासोबत येऊन ब्राउझरमध्ये चालणाऱ्या आज्ञांमधून, चालते. ब्राउझर स्वतःला जे म्हणवतो तेच तो आहे का हे पाहिले जाते, त्याच्याकडून छोटे गणित करून घेतले जाते, आणि उत्तीर्ण झाल्यास त्याला कुकीच्या, म्हणजे ब्राउझरमध्ये साठणाऱ्या छोट्या नोंदीच्या, रूपात एक पास मिळतो. तो पास ठेवायलाच मनाई असेल तर ब्राउझर पुन्हा दारात येतो, पुन्हा तपासला जातो आणि हे चक्र संपत नाही. गोल फिरत राहण्याचे हे अगदी नेहमीचे कारण. म्हणून कुकी आणि जावास्क्रिप्ट चालू आहेत ना हे पाहावे, जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेले पूरक साधन) त्या संकेतस्थळापुरते बंद करावे, आणि इन्कॉग्निटो (खाजगी) खिडकीत एकदा उघडून पाहावे. तिथे उघडले तर दोष साठलेल्या कुकींचा किंवा एक्स्टेन्शनचा आहे. फेसबुकमधली लिंक त्याच ॲपच्या पोटात उघडली असेल तर ती नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडावी. जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्ट्यात रेंज कमी, त्यामुळे डेटा वाचवणारे ब्राउझर अनेकांच्या फोनवर असतात. ऑपेरा मिनीच्या जास्तीत जास्त बचतीच्या पद्धतीत पान दूरच्या सर्व्हरवर तयार होऊन येते, त्यामुळे अशी तपासणी तिथे तडीस जाणे अवघड असते. तेवढ्या कामापुरती बचत बंद करावी. आणि वाय-फायवरून मोबाईल डेटावर मध्येच उडी मारू नये, कारण इंटरनेटवरचा आपला पत्ता (आयपी) बदलला की मिळालेला पास बाद ठरू शकतो.

अडवले कोणी?

हे ओळखणे हा साऱ्या दुरुस्तीचा गाभा आहे. ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ असा इशारा देतो तो आपलाच ब्राउझर. त्यात संकेतस्थळाच्या दाराचा संबंध नाही. गोल फिरणे, चित्रांचे कोडे किंवा ४०३ हा आकडा म्हणजे दाराने नकार दिला. ४२९ म्हणजे एकाच पत्त्यावरून फार वेळा विचारणा झाली, जरा थांबा. निकालाच्या दिवशी विद्यार्थी पान पुन्हा पुन्हा ताजे करत राहतात तेव्हा हा आकडा ते स्वतःच ओढवून घेतात. ५०२ किंवा ५०४ आले तर मात्र सर्व्हरचीच बाजू लंगडी आहे. आणि पूर्ण लाल पान धोक्याचा इशारा देत असेल, तर ते ओलांडण्याची खटपटच करू नये.

ब्राउझरने इशारा दिला की आधी घड्याळ बघावे, हा सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात सोपा उपाय. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवर नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली की वीज गेल्यावर संगणक तारीख विसरतो आणि काही वर्षे मागे जातो. संकेतस्थळांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांना मुदत असते. चुकीच्या तारखेच्या संगणकाला आजचे प्रमाणपत्र अजून सुरूच न झालेले दिसते, आणि एकामागून एक संकेतस्थळे बंद पडतात. पावसाळ्यात वीज सारखी जाते तेव्हा खेड्यातल्या सेंटरमध्ये हे हमखास घडते. तारीख-वेळ आपोआप घेण्याची सोय चालू करावी आणि थोड्या रुपयांची ती बॅटरी बदलावी.

घड्याळ बरोबर असूनही इशारा येत असेल तर यंत्राचे वय पाहावे. विंडोज ७ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती, २०२३ पासून तिथे नवी येत नाही. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीचे फोन लेट्स एन्क्रिप्ट या प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेची प्रमाणपत्रे ३० सप्टेंबर २०२४ नंतर ओळखेनासे झाले. अशा यंत्रावर कुकी पुसत बसण्यात वेळ घालवू नये, दुसऱ्या फोनवरून काम करावे.

दाराच्या नकाराचे एक कारण असे आहे की त्यात वापरणाऱ्याचा काहीच दोष नसतो. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारे ४३० कोटीच आहेत. ते पुरत नाहीत म्हणून मोबाईल कंपन्या आणि गावोगावचे केबलवाले अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवतात. त्यांतल्या एकाच्या फोनमध्ये विषाणू शिरला किंवा कोणी तिथून बॉट चालवला, तर संशयित ठरतो तो अख्खा पत्ता. येळ्ळूरच्या शेतकऱ्याला भलत्याच कोणाच्या कर्माची शिक्षा अशी मिळते. फोनचा फ्लाइट मोड चालू करून अर्ध्या मिनिटाने बंद केला तर पुष्कळदा नवा पत्ता मिळतो. केबलचे वाय-फाय अडत असेल तर फोनच्या हॉटस्पॉटवरून बघावे. व्हीपीएन (दुसऱ्या सर्व्हरमार्फत जोडणी करणारी सोय) चालू असेल तर बंद करावे, कारण त्याचे पत्ते दारांवर आधीपासून बदनाम असतात. शिवाय काही सरकारी संकेतस्थळे भारताबाहेरून उघडतच नाहीत. आखातात नोकरीला गेलेल्या मुलाला तिथे बसून गावचा उतारा दिसत नाही तो बहुधा यामुळे. तो त्याने घरच्यांना काढायला सांगावा.

एवढे करूनही दार उघडले नाही तर पानाच्या तळाशी अक्षरे-आकड्यांची एक लांब ओळ असते, क्लाउडफ्लेअरच्या पानावर तिला ‘रे आयडी’ म्हणतात. तिचा फोटो, वेळ आणि आपण काय करत होतो हे संकेतस्थळाच्या मालक कार्यालयाला कळवावे. नियम त्यांनी लावलेला असतो आणि सैल करणेही त्यांच्याच हाती असते.

चित्रांचे कोडे

रस्त्यावरचे अग्निशमनाचे लाल नळ आणि पिवळ्या शालेय बसगाड्या निवडायला सांगणारे कोडे अमेरिकेतल्या रस्त्यांवर बेतलेले आहे. उचगावच्या आजीने तसा नळ आयुष्यात पाहिलेला नाही; ती चुकते म्हणून ती बॉट ठरत नाही. कोडे बदलण्याचे गोल बाणाचे चिन्ह आणि ऐकून उत्तर देण्याचे हेडफोनचे चिन्ह शेजारीच असते, ते घरातल्या तरुणांनी दाखवून द्यावे. अनेक सरकारी पानांवर मात्र इंग्रजी अक्षरांचाच कॅप्चा असतो आणि त्याला आवाजाची जोड नसते. अंध माणसासाठी हे बंद दारच आहे. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी म्हटले आहे. अशी पाने तातडीने सुधारली पाहिजेत.

खोटी तपासणी

‘मी रोबो नाही’ या ओळीवर लोकांचा विश्वास बसला, आणि तोच आता ठगांचे भांडवल झाला आहे. २०२४ पासून पसरलेल्या एका प्रकारात हुबेहूब तपासणीसारखे पान दिसते. ते सांगते : विंडोजची कळ आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. पानाने गुपचूप कॉपी करून ठेवलेली आज्ञा आपल्याच हाताने चालवली जाते आणि साठवलेले संकेतशब्द चोरले जातात. फोनवर ‘माणूस असल्याचे सिद्ध करण्यासाठी परवानगी द्या’ म्हणत नोटिफिकेशनची संमती मागितली जाते आणि मग फसव्या जाहिरातींचा पाऊस पडतो. खरी तपासणी ब्राउझरच्या पानातच सुरू होते आणि तिथेच संपते. ती कळा दाबून आज्ञा चालवायला, ॲप उतरवायला किंवा ओटीपी द्यायला कधीही सांगत नाही. असे काही हातून घडलेच तर इंटरनेट तोडावे, दुसऱ्या यंत्रावरून बँकेचे आणि ईमेलचे संकेतशब्द बदलावेत, आणि पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. तक्रार जितक्या लवकर जाते तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात रोखली जाण्याची शक्यता जास्त.