बोधचिन्ह वेगळं, गाडीची ओळख वेगळी

कोल्हापूरच्या शहर बसला, म्हणजे केएमटीला, नवं रूप द्यायची चर्चा निघाली की पहिला प्रश्न ठरलेला: लोगो कसा असावा? कुणी अंबाबाईच्या देवळाचं शिखर सुचवतं, कुणी लाल मातीतला पैलवान, कुणी रंकाळा. यातलं गावावरचं प्रेम खरं आहे. पण बोधचिन्ह आणि दृश्य ओळख यांची गल्लत झाली की सगळी मेहनत गाडीच्या पत्र्यावरच्या हातभर जागेत संपते.

बोधचिन्ह सांगतं, गाडी कुणाची. तेवढंच. गाडी कुठं निघाली आणि आपण कुठल्या थांब्यावर आहोत, हे सांगायला रंग, अक्षरांचं वळण, मार्ग क्रमांकाची जागा, थांब्याची पाटी, नकाशा हे सगळं एकाच शिस्तीत लागतं. ती दृश्य ओळख.

एसटीचंच बघा. गारगोटीला निघालेल्या आजीला एसटीचं बोधचिन्ह आठवायचं नाही, पण लाल गाडी वळणावर दिसताच ती पिशवी उचलते. 'लालपरी' हे नावही रंगानं मिळवून दिलंय.

लंडनच्या भुयारी रेल्वेची लाल चकती आणि निळी पट्टी १९०८ पासूनची. सगळे तिच्याकडेच बोट दाखवतात. तिथला अधिकारी फ्रँक पिक मात्र चिन्हावर थांबला नाही. त्यानं एडवर्ड जॉन्स्टनकडून खास अक्षरं करून घेतली, ती १९१६ मध्ये आली. छोट्या 'एल'ला खाली बाक दिला, त्यामुळं तो मोठ्या 'आय'पासून वेगळा दिसतो. १९३३ मध्ये हॅरी बेकचा नकाशा आला. त्यात खरी अंतरं सोडून दिली आणि फक्त उभ्या, आडव्या, तिरक्या रेषा ठेवल्या. प्रवाशाला गाडी कुठं बदलायची एवढंच हवं असतं.

देवनागरीत 'एल'चा हा प्रश्न 'भ' आणि 'म'चा आहे, 'ध' आणि 'घ'चाही. शिरोरेषेतल्या छोट्या फटीवर बरंच अवलंबून असतं. ठिपक्यांच्या डिजिटल पाटीवर ती फट बुजली की 'भवानी मंडप' लांबून 'मवानी' वाटतं. केएमटीसाठी आधी अक्षरं ठरवावीत, क्रमांकाची जागा सगळ्या गाड्यांवर एकच ठेवावी. मग जुलैच्या पावसात, संध्याकाळी, रंकाळ्याच्या थांब्यावर उभं राहून तो क्रमांक पन्नास पावलांवरून वाचून बघावा. शिखर की पैलवान, ते त्यानंतर.