फाइल सिस्टीमच्या गतीची तुलना : विंडोज, लिनक्स आणि मॅक

डिस्कवर फाइली कुठे ठेवायच्या आणि त्यांचा ठावठिकाणा कसा नोंदवायचा, हे ठरवणाऱ्या व्यवस्थेला फाइल सिस्टीम म्हणतात. विंडोजची एनटीएफएस १९९३ मध्ये आली. लिनक्सवर सर्रास दिसणारी ईएक्सटी४ २००८ च्या अखेरीस स्थिर म्हणून जाहीर झाली, तर मॅकमध्ये २०१७ पासून एपीएफएस आहे. एकच काम या तिघींवर करून वाचायला आणि लिहायला लागणारा वेळ मोजणे म्हणजे गतीची तुलना.

सोलापुरात हा विषय दोन प्रकारच्या कामांत हटकून निघतो. चादर-टॉवेलांची जकार्ड (विणतानाच नक्षी उठवणारी) डिझाइने करणाऱ्यांकडे वर्षानुवर्षे साठलेल्या लहान फाइलींची फोल्डरे असतात. लग्नसराईतल्या व्हिडिओवाल्यांकडे एकेक फाइल कित्येक जीबींची. हा फरक ऑपरेटिंग सिस्टीमच्या फरकाहून मोठा ठरतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्डडिस्कला हवी ती जागा समोर येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद थांबावे लागते. वर तिचा हात सरकायला ८-९ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेल्या लहान फाइली वाचताना एका जागेवरून दुसरीकडे सेकंदाला जेमतेम ७५-८० उड्या होतात. प्रत्येक उडीत ४ केबी वाचले, तर सेकंदाला ०.३ एमबी. तीच डिस्क सलग वाचताना दीडशे एमबी सहज देते.

मोजमाप सर्वांत जास्त फसते ते रॅममुळे. तिन्ही ऑपरेटिंग सिस्टीम वाचलेला मजकूर मोकळ्या रॅममध्ये जपून ठेवतात. दोन जीबींची फाइल दुसऱ्यांदा वाचली की आकडा डिस्कचा नसतो, रॅमचा असतो. म्हणून चाचणीची फाइल रॅमच्या दुप्पट तरी घ्यावी, किंवा प्रत्येक फेरीआधी संगणक पुन्हा सुरू करावा. लिहितानाही तेच होते. लिनक्सवर ‘झाले’ असे उत्तर मिळाल्यावरही मजकूर रॅममध्ये साधारण तीस सेकंदांपर्यंत राहू शकतो, आणि तेवढ्यात वीज गेली तर तो जातो. ईएक्सटी४ आणि एनटीएफएस जर्नल, म्हणजे होणाऱ्या बदलांची आगाऊ नोंदवही, ठेवतात, पण नेहमीच्या मांडणीत ते फाइलींच्या नोंदी सावरते, ताजा मजकूर नाही.

मजकूर डिस्कवर पक्का उतरवण्यासाठी प्रोग्रॅम ‘एफसिंक’ ही आज्ञा देतात. लिनक्सवर ती डिस्कच्या अंगच्या कॅशमधला (तात्पुरत्या साठ्यातला) मजकूरही खाली उतरवायला लावते. मॅकवर तेवढ्यावर भागत नाही, त्यासाठी वेगळी, अधिक कडक आज्ञा द्यावी लागते. ही गोष्ट न पाहता काढलेला ‘मॅक लिहिण्यात पुढे’ हा निष्कर्ष मला मान्य नाही, कारण दोघांनी सारखे काम केलेलेच नसते. कॉपीचेही तसेच आहे. एपीएफएसवर फाइंडर या मॅकच्या फाइली हाताळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्याच व्हॉल्यूमवर (डिस्कच्या त्याच भागात) केलेली कॉपी क्षणात होते, कारण मूळ मजकूर दोन्ही फाइली वाटून घेतात आणि बदल झालेला भागच नव्याने लिहिला जातो.

लहान फाइलींत विंडोज मागे पडते, हे खरे आहे. दोष मात्र एनटीएफएसच्या माथी मारला जातो, तो पुरता तिचा नाही. विंडोजमध्ये फाइल उघडण्या-मिटण्याची प्रत्येक विनंती फिल्टर ड्रायव्हर नावाच्या मधल्या प्रोग्रॅमांतून जाते आणि अँटिव्हायरस तिथेच तपासणी करतो. उलट, लिनक्सवर एनटीएफएस मंद दिसली तर आधी ड्रायव्हर, म्हणजे ती फाइल सिस्टीम हाताळणारा प्रोग्रॅम, पाहावा. जुना एनटीएफएस-३जी कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या) बाहेर चालतो, तर एनटीएफएस३ २०२१ मध्ये ५.१५ या आवृत्तीत थेट कर्नलमध्ये आला.

एकाच हार्डडिस्कवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकून तुलना करण्याची पद्धत सोयीची, पण सदोष आहे. तबकडीच्या बाहेरच्या कडेला गती जास्त असते, आतल्या बाजूला ती जवळपास निम्म्यावर येते. आधी टाकलेल्या विंडोजला बहुधा बाहेरची जागा मिळते. खरी तुलना करायची तर तेच पार्टिशन (डिस्कचा तोच भाग) पुन्हा फॉरमॅट करून वापरावे. एसएसडीला (फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर साठवणाऱ्या डिस्कला) कडा नसते, पण तिला उष्णता बाधते. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार जातो, आणि एनव्हीएमई या वेगवान प्रकारची एसएसडी तापली की स्वतःच गती उतरवते. सकाळी एक आणि भर दुपारी दुसरी सिस्टीम मोजली, तर आकड्यांत फरक हवामानाचा येतो.

पेनड्राइव्हचा मुद्दा इथे विशेष महत्त्वाचा, कारण इलेक्ट्रॉनिक जकार्डच्या मागावर डिझाइन बहुधा त्यातूनच चढते. तो अनेकदा एफएटी३२ मध्ये असतो. त्यात एक फाइल ४ जीबीच्या आत असावी लागते आणि जर्नल नसते. विंडोज १० च्या २०१८ मधल्या आवृत्तीपासून पेनड्राइव्हसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हीच मूळ मांडणी आहे. मजकूर लगेच लिहिला जातो आणि कॉपी संथ भासते. लिनक्सवर कॉपीची पट्टी झपाट्याने भरते, पण बराच मजकूर अजून रॅममध्येच असतो. त्या क्षणी पेनड्राइव्ह ओढून काढला, तर मागावर अर्धे डिझाइन पोचते. म्हणून पेनड्राइव्हची वेळ मोजताना घड्याळ ‘इजेक्ट’ पूर्ण झाल्यावरच थांबवावे.