रेसिंग कारच्या किटमधून सिगारेटची नावं कशी गेली

१९८८च्या लाल-पांढऱ्या मॅक्लरेन एमपी४/४ या रेसिंग कारचं १/२० मापाचं किट, म्हणजे सुटे भाग जोडून बनवायच्या प्लास्टिक मॉडेलचा खोका, उघडा. डीकॅलच्या, म्हणजे पाण्यात सोडवून मॉडेलवर चिकटवायच्या छापील नावा-चित्रांच्या, कागदावर इंजिनवाल्याचं नाव आहे, तेलवाल्याचं आहे, टायरवाल्याचंही आहे. सोळापैकी पंधरा शर्यती जिंकलेल्या त्या गाडीवर सगळ्यात ठळक दिसायचं ते नाव तेवढं नाही. नवखा माणूस कागद उलटापालटा करून बघतो आणि दुकानदाराला फोन लावतो. मुरलेला माणूस किट घेतानाच वेगळे डीकॅल मागवून ठेवतो.

या गाळलेल्या नावाची गोष्ट १९६८ पासून सुरू होते, म्हणून त्याआधीचं थोडक्यात. प्लास्टिकची किटं ब्रिटनमध्ये १९३६ साली आली, पण ती विमानांची, १/७२ मापाची. मोटारींचा नंबर युद्धानंतर लागला. रेसिंगवाल्यांसाठी महत्त्वाचं साल १९६७. जपानमधल्या शिझुओका शहरातल्या, मुळात लाकडाच्या धंद्यात असलेल्या एका कंपनीने होंडा आरए२७३ ही फॉर्म्युला वन गाडी १/१२ मापात आणली. जुळून झाली की जवळपास शाळेतल्या फूटपट्टीएवढी लांब! पांढरं अंग, त्यावर लाल गोळा आणि नंबर, की झाली गाडी तयार. तेव्हा गाड्या देशाच्या रंगात धावत: ब्रिटनची हिरवी, इटलीची लाल, फ्रान्सची निळी. डीकॅल लावायला एक संध्याकाळ पुरे व्हायची.

१९६८च्या हंगामात गाड्यांवर बाहेरच्या जाहिरातींना मोकळीक मिळाली. पिवळ्या पट्ट्याची हिरवी लोटस ४९ काही महिन्यांत लाल-पांढरी-सोनेरी झाली, म्हणजे चक्क सिगारेटचं पाकीट चाकांवर. १९७२ पासून त्याच संघाची लोटस ७२ काळ्या-सोनेरी रंगात दिसू लागली. इतकी देखणी रेसिंग कार मला तरी दुसरी माहीत नाही, आणि तिचं रूप पाकिटावरूनच उचललेलं होतं, हेही खरंच. किटवाल्यांची चंगळ झाली. कोऱ्या गाडीपेक्षा नावांनी भरलेली गाडी खोक्यावरच्या चित्रातही उठून दिसते. तंबाखूची नावं तेव्हा किटमध्ये राजरोस यायची आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

पुढे कायदे आले. फ्रान्सचा कडक कायदा १९९१चा, युरोपीय संघातली बंदी ३१ जुलै २००५ पासूनची. खऱ्या गाड्यांनी त्यातून पळवाटा काढल्या, आणि त्या भलत्याच मजेशीर होत्या. जॉर्डन संघाच्या पिवळ्या गाडीवर 'बेन्सन अँड हेजेस' हे सिगारेटचं नाव असायचं. १९९७ साली गाडीच्या नाकावर साप रंगवला आणि बंदीच्या देशांत अक्षरं झाली 'बिटन अँड हिसेस'. पुढच्या वर्षी गांधीलमाशी आली आणि 'बझिन हॉर्नेट्स'. नंतर तर मूळ इंग्रजी नावातली काही अक्षरं नुसती गाळून 'बी ऑन एज' उरवलं. (पहिला भारतीय फॉर्म्युला वन ड्रायव्हर २००५ साली धावला तो याच संघाकडून.) चंदेरी मॅक्लरेनवर सिगारेटच्या नावाच्या जागी त्याच वळणात ड्रायव्हरची पहिली नावं झळकत. लाल फेरारीवर उभ्या पट्ट्यांचा बारकोड होता. ती छुपी जाहिरात असल्याची ओरड झाल्यावर २०१० मध्ये तोही पुसला गेला.

किटवाल्यांनी असल्या कसरती केल्या नाहीत. त्यांनी अक्षरंच काढून टाकली. ती फक्त नव्या गाड्यांवरून गेली असती तर फार बोंब झाली नसती, पण जुन्या किटांच्या फेरआवृत्त्यांमधूनही ती गेली. वाद आहे तो इथे. बाजू दोन आहेत आणि दोन्ही 'खेळणं' या एका शब्दावर अडतात. किट हे खेळणं मानलं, तर पोराच्या हातात सिगारेटचं नाव द्यायचं नाही, याला कोण नाही म्हणेल? भारतीय सीमाशुल्काच्या ९५०३ या शीर्षकाखालीही बाहुल्या, तीनचाकी सायकली आणि मापातली मॉडेलं एकाच रांगेत बसतात. म्हणूनच २०२० साली खेळण्यांवरचं मूळ शुल्क २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं, तेव्हा पुण्या-मुंबईच्या हौशी मंडळींची परदेशी किटंही त्यात भरडली गेली.

पण १/२० मापाच्या सस्पेन्शनच्या काड्या चिमट्याने चिकटवणारा माणूस बहुधा चाळिशीपुढचा असतो. त्याच्या लेखी ही वस्तू म्हणजे छोटा ऐतिहासिक पुरावा, आणि पुराव्यातलं वाक्य कुणी खोडलेलं त्याला चालत नाही. कंपन्यांची अडचण समजते. एकच खोका पन्नास देशांत विकायचा, तर सगळ्यात कडक कायदा पाळणंच सोयीचं. खटकतो तो अर्धवटपणा. अक्षरं गेली, पण मॅक्लरेनवरची लाल-पांढरी टोकदार विभागणी तशीच राहिली. पाकीट ओळखू यायला तेवढी पुरते. काळी-सोनेरी लोटस तर वाचावीच लागत नाही. मुलांना वाचवायचं होतं तर रंग का ठेवला, आणि रंग ठेवायचा होता तर नावाने काय घोडं मारलं होतं, याचं धड उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

या रिकाम्या जागेत एक जोडधंदा मात्र उभा राहिला. छोटे छापखाने नेमकी गाळलेली अक्षरं वेगळ्या कागदावर छापून विकतात. दुसरी वाट जुन्या खोक्यांची. त्यातले मूळ डीकॅल पूर्ण असतात, पण पिवळे पडलेले. ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला चिकटवायचे, काही आठवड्यांत पिवळेपणा उतरतो. मात्र पाण्यात सोडल्यावर त्यांचे तुकडे होणार नाहीत, याची खात्री कुणी देऊ नये.

या सगळ्यातून सुटली ती सहाचाकी टायरेल पी३४. १९७६ साली स्वीडनमध्ये तिने पहिला-दुसरा क्रमांक पटकावला आणि १९७७ मध्ये शिझुओकाच्या त्याच कंपनीने १/२० मालिकेची सुरुवात तिच्यापासून केली. निळ्या अंगावर पेट्रोलवाल्यांचं नाव होतं, सिगारेटचं नव्हतं. तिच्या डीकॅलला कात्री लावायची वेळच आली नाही.