कोंडवाडा आणि बेवारशी गुरांच्या नोंदी (कोकण)

कोंडवाडा : दुसऱ्याच्या पिकात शिरलेली किंवा धनी न सापडलेली गुरे अडकवून ठेवण्याची जागा. शब्द ‘कोंडणे’वरून आला हे उघड आहे, कोकणातील वाड्यांच्या नावांत येणाऱ्या ‘कोंड’शी त्याची गल्लत करू नये.

चुकलेल्या जनावराचा धनी ठरवण्याचे नियम कोंडवाड्याहून बरेच जुने आहेत. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायानुसार (न्यायनिवाड्याच्या भागानुसार), नाक्यावरच्या किंवा ठाण्यावरच्या अधिकाऱ्यांनी आणलेली हरवलेली वस्तू धन्याने वर्षाच्या आत न्यावी, पुढे ती राजाची. मनुस्मृती तीन वर्षांची मुदत देते. टीकाकारांनी (स्मृतींवर भाष्य लिहिणाऱ्यांनी) हे दोन नियम वेगवेगळ्या बाबींचे आहेत असे कल्पून दोन्हींचा मेळ घातला आहे. जनावर परत नेताना द्यायचा आकारही याज्ञवल्क्याने बांधून दिला : घोड्यासारख्या एकखुरी जनावराला 4 ‘पण’ (त्या काळचे नाणे), गाय, म्हैस व उंट यांना प्रत्येकी 2, शेळीमेंढीला पाव. मालकी सांगणाऱ्याने खुणा पटवून द्याव्यात; न पटल्यास वस्तूच्या किमतीइतका दंड.

याच स्मृतीवरील ‘अपरार्क’ ही टीका उत्तर कोकणच्या शिलाहार राजा अपरादित्याच्या नावावर आहे. या नावाचे दोन राजे झाले, दोघेही बाराव्या शतकातले, त्यामुळे टीका नेमकी कोणाची याचा वाद आहे. धर्मशास्त्राचे इतिहासकार पां. वा. काणे यांचा कल पहिल्याकडे आहे. काश्मिरी कवी मंखाच्या ‘श्रीकंठचरिता’त कोकणाधीश अपरादित्याने काश्मीरला पाठवलेल्या तेजकंठ या दूताचा उल्लेख येतो, मंखाचा काळ पाहता तो पहिल्यालाच अधिक जुळतो. टीका राजाची म्हणून तिच्यातला दर साष्टी-ठाण्याच्या गावांत वसूल होत होता, असा अर्थ मात्र काढू नये. राजाच्या नावावरचा ग्रंथ पंडितांनी सिद्ध केलेला असणे अशक्य नाही.

मुसलमानी व मराठी अमदानीत बेवारशी मालमत्तेला ‘बैतुलमाल’ म्हणत. मूळ अरबी अर्थ सरकारी खजिना.

इंग्रजी अमलात 1857 चा व त्याची जागा घेणारा 1871 चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आला. रत्नागिरी व कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतील कोंडवाडे त्याखालचे. सावंतवाडी व जंजिरा ही 1948 पर्यंत संस्थाने होती, म्हणून ती यात धरलेली नाहीत. पीक खाणारे गुरू धरणाऱ्याने ते 24 तासांत कोंडवाड्यात पोचते करायचे. रक्षकाने वहीत चार गोष्टी उतरवायच्या : जनावरांची संख्या व वर्णन, आणल्याचा दिवस व तास, धरणाऱ्याचे नाव-गाव आणि माहीत असल्यास धन्याचे. नोंदीची नक्कल धरणाऱ्याला मिळे. सात दिवसांत कोणी आले नाही तर पोलीस ठाण्याला कळवणे, तिथे नोटीस, गावात व जवळच्या बाजारात दवंडी. आणखी सात दिवसांनी लिलाव. पोलीस व कोंडवाड्याचा रक्षक यांना त्या लिलावात बोली लावण्याची मनाई होती, आणि ती का घालावी लागली हे सांगायला नको. याज्ञवल्क्याचे वर्ष इथे पंधरवड्यावर आले.

मूळ दंड म्हशीला 8 आणे, गाय-बैल व घोड्याला 4, वासराला 2, शेळीमेंढीला 1 आणा. हत्तीचे 2 रुपये कोकणात कधी लागले असतील असे वाटत नाही. स्मृतीत गाय व म्हैस एका तोलाच्या होत्या, इथे म्हैस दुप्पट झाली.

पुराव्याच्या दृष्टीने वहीतला ‘वर्णन’ हा रकाना सर्वांत मोलाचा. कोकणातली गुरे लहान चणीची, पुष्कळदा तांबडी किंवा काळी. नुसत्या रंगावरून एक गाय दुसरीपासून वेगळी काढता येत नाही. म्हणून शिंगांचा बाक, कानाची चीर, भोवरा, डाग, गळ्यातले लोढणे यांवर ओळख ठरे. लोढणे गळ्यात असेल तर गुरू ओढाळ आहे हे धन्याला ठाऊक होते, असेही त्यातून सुचते. भात कापून झाल्यावर गुरे मोकळी सोडण्याची रीत असल्याने वायंगण (उन्हाळी भात) व कुळथाच्या मळ्यांभोवती गडगा (दगडी बांध) किंवा वई (काट्याकुट्यांचे कुंपण) घालावी लागे, आणि कुंपण पडके होते की गुरू चुकार, यावरून तंटे होत. जप्ती बेकायदा वाटल्यास दहा दिवसांत मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करता येई.

स्वातंत्र्योत्तर काळात ग्रामीण कोंडवाड्यांची तरतूद 1958 च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमात आली.