महापाषाणीय स्मारके : तौलनिक विचार

प्रचंड आकाराचे दगड उभे करून, एकमेकांवर आडवे ठेवून किंवा वर्तुळात मांडून प्राचीन समाजांनी उभारलेल्या, बहुधा चुन्याचा सांधा नसलेल्या रचनांना महापाषाणीय स्मारके म्हणतात. मराठी पुरातत्त्वीय लेखनात त्यांना ‘महाश्म’ व ‘बृहदश्म’ अशा संज्ञाही आहेत. एकटा उभा शिलास्तंभ, उभ्या दगडांवर आडवी शिळा ठेवून केलेली खोली, शिलावर्तुळ आणि मातीच्या उंचवट्याखाली दडलेली दगडी वाट व तिच्या टोकाचे दालन हे त्यांचे प्रमुख प्रकार होत. जगभर एकाच वेळी नांदलेले असे ‘महापाषाणयुग’ मात्र कधीच नव्हते. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील सर्वांत जुनी दफने इ. स. पू. पाचव्या सहस्रकातील, तर विदर्भातील शिलावर्तुळे इ. स. पू. पहिल्या सहस्रकातील आहेत. दोहोंमध्ये साडेतीन हजार वर्षांहून अधिक अंतर आहे. त्यामुळे दिसायला सारख्या असलेल्या दोन स्मारकांची तुलना करताना आपण नेमके कशाशी काय ताडून पाहतो, हे आधी ठरवावे लागते.

ही तुलना अभ्यासकांच्या आधी लोकांनीच केली, आणि तिचे उत्तर बहुतेक ठिकाणी सारखेच निघाले : एवढे दगड माणसाने हलवले नसणार. माल्टातील गोझो बेटावरच्या मंदिराचे ‘गन्तिया’ हे नाव राक्षसांवरून पडले आहे. इंग्लंडमधील स्टोनहेंज हे शिलावर्तुळ मर्लिन या जादूगाराने आयर्लंडहून आणवले, अशी कथा बाराव्या शतकात लिहिली गेली. भारतात हा मान बहुधा पांडवांकडे जातो. नाशिकची सातवाहनकालीन बौद्ध लेणी ज्या न्यायाने ‘पांडवलेणी’ झाली, त्याच न्यायाने दक्षिणेतील अनेक महापाषाणीय दफनांना पांडवांचे नाव चिकटले. आजकाल परग्रहवासीयांना श्रेय देणारी मंडळी काही नवे सांगत नाहीत. राक्षसांच्या जागी त्यांनी फक्त दुसरे पात्र आणले आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विद्वानांचे उत्तरही याहून फार वेगळे नव्हते. संस्कृती इजिप्त, मेसोपोटेमिया व एजियन समुद्राचा प्रदेश येथे जन्मली आणि तेथून पश्चिमेकडे पसरली, हे गृहीतच धरलेले असे. स्टोनहेंजच्या एका दगडावर १९५३ मध्ये खंजिराची कोरीव आकृती आढळली, तेव्हा ती ग्रीसमधील मायसीनीच्या खंजिरासारखी दिसते, एवढ्यावरून या वास्तूमागे भूमध्य सागराकडून आलेले कसब असावे असा तर्क मांडला गेला. १९४९ मध्ये विलर्ड लिबी यांनी किरणोत्सारी कार्बनाने कालमापन करण्याची पद्धत प्रचारात आणली. पुढे वृक्षांच्या वार्षिक वलयांशी ताडून तिच्या तारखा दुरुस्त करण्यात आल्या आणि ही सगळी मांडणी कोसळली. ब्रिटनीतील दफने व माल्टातील मंदिरे पिरॅमिडांहून जुनी ठरली, आणि स्टोनहेंजचे मोठे दगड मायसीनीच्या उदयाच्या कित्येक शतके आधीच उभे होते, हे स्पष्ट झाले. कॉलिन रेनफ्रू यांनी १९७० च्या दशकात या निष्कर्षांचा आग्रहाने पाठपुरावा केला. एकाने दुसऱ्याचे पाहून केले, हे गृहीतक सुटल्यावर प्रत्येक समाजाने आपल्याजवळच्या साधनांनिशी काय साधले, हा खरा प्रश्न पुढे आला.

त्या दृष्टीने आग्नेय तुर्कस्तानातील गोबेकली तेपे हे स्थळ सर्वांत बुचकळ्यात टाकणारे आहे. उर्फा शहराजवळच्या या टेकाडावर क्लाउस श्मिट यांच्या नेतृत्वाखाली १९९५ पासून उत्खनन झाले आणि इ. स. पू. ९५०० ते ८००० या काळातील दगडी वर्तुळाकार वास्तू उजेडात आल्या. येथील इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचे चुनखडीचे खांब ५.५ मीटरपर्यंत उंच आहेत. त्यांवर कोल्हे, साप, विंचू व गिधाडे कोरलेली आहेत. मधल्या खांबांपैकी एकाच्या दोन्ही बाजूंनी कोपरात वाकलेले हात खाली येतात, त्यांची बोटे पोटावर, कमरपट्ट्याच्या वर जवळ येतात, आणि पट्ट्याखाली कोल्ह्याचे कातडे लोंबते. ते पाहिल्यावर हा खांब म्हणजे मुळात माणसाची आकृती आहे, हे लक्षात येते. हे घडवणाऱ्यांकडे मातीची भांडी नव्हती, धातू नव्हता, आणि त्यांचे अन्न रानातली शिकार व रानटी धान्ये यांतून येत असे. आधी शेती, मग गाव, मग देऊळ हा पाठ्यपुस्तकी क्रम येथे बसत नाही. अर्थात हे केवळ निर्जन देवस्थान होते, हा पहिला समजही नंतर सापडलेल्या निवासी वास्तू व पावसाचे पाणी साठवण्याची टाकी यांमुळे सैल झाला आहे.

दक्षिण इंग्लंडमधील स्टोनहेंज हे एका काळात बांधलेले स्मारक नाही. इ. स. पू. ३००० च्या सुमारास तेथे वर्तुळाकार चर व बांध तयार झाला आणि त्याच्या आत मृतांच्या दहनानंतरचे अवशेष पुरले गेले. आज डोळ्यांत भरणारे मोठे दगड इ. स. पू. २५०० च्या सुमाराचे आहेत. सार्सेन नावाचे हे वालुकाश्म सुमारे २५ किलोमीटर उत्तरेकडून आणलेले असून त्यांचे सरासरी वजन २० टनांहून अधिक आहे. त्यांच्यापेक्षा लहान निळसर दगड मात्र वेल्समधील प्रेसेली टेकड्यांतून, २०० किलोमीटरहून अधिक अंतरावरून आले. मध्यभागी पडलेली सहा टनांची ‘वेदीशिळा’ थेट स्कॉटलंडच्या ईशान्य भागातील असल्याचे २०२४ मध्ये खनिजांच्या पृथक्करणातून दिसून आले. अंतराइतकीच जोडकामाची करामतही विलक्षण आहे. सुतार लाकडी चौकट जोडताना करतो त्याप्रमाणे उभ्या दगडाच्या माथ्यावर एक बोंड राखले आहे आणि आडव्या दगडाच्या तळाशी त्या मापाची खोबण घेतली आहे; शेजारशेजारचे आडवे दगडही खाचेत जीभ बसवून एकमेकांत अडकवले आहेत. हे लाकूडकामाचे ज्ञान दगडात उतरलेले आहे. शिवाय दगड घडवणाऱ्या हातांत धातूचे हत्यार नव्हते : सार्सेन हा अतिशय कठीण दगड त्याच दगडाच्या गोट्यांनी ठोकून ठोकून आकाराला आणला गेला. उन्हाळी अयनदिनाचा (वर्षातील सर्वांत मोठ्या दिवसाचा) सूर्योदय आणि हिवाळी अयनदिनाचा (सर्वांत लहान दिवसाचा) सूर्यास्त यांच्या रेषेवर या वास्तूचा अक्ष आहे.

स्टोनहेंजच्या मोठ्या दगडांच्या आगेमागेच, इ. स. पू. २५६० च्या सुमारास, गिझा येथे खूफूचा पिरॅमिड पुरा झाला. मूळ उंची सुमारे १४६ मीटर आणि दगडांची संख्या अंदाजे २३ लाख. या आकड्यांपुढे स्टोनहेंज किरकोळ वाटते. पण एकीकडे कर गोळा करणारे, कारकून बाळगणारे राज्य आहे आणि दुसरीकडे लेखन नसलेल्या पशुपालकांचे समूह आहेत. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल्-जार्फ येथे २०१३ मध्ये सापडलेल्या पपायरसांमध्ये मेरेर नावाच्या मुकादमाच्या नोंदी आहेत. त्याची टोळी तुरा येथील खाणीतला चुनखडक नावांतून गिझाला पोहोचवत असे, आणि त्या खेपांचा दिवसागणिक हिशेब त्याने ठेवला आहे. स्टोनहेंजचा असा कोणी मेरेर आपल्याला भेटत नाही, तो कामाचा दर्जा कमी म्हणून नव्हे, तर लिहिण्याची रीत नव्हती म्हणून.

विदर्भातील शिलावर्तुळे या तुलनेत सहसा घेतली जात नाहीत, कारण ती नजरेत भरत नाहीत. नागपूरजवळ जुनापाणी येथे सुमारे ३०० वर्तुळे आहेत. माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, भागीमोहारी, रायपूर ही अशीच इतर स्थळे. भोवतालचे काळे धोंडे न घडवता वर्तुळात लावायचे आणि आत मृताचे अवशेष व वस्तू ठेवून वर मुरूम-मातीची भर घालायची, अशी ही पद्धत. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नाक या ब्रिटिश अधिकाऱ्याने जुनापाणीची काही वर्तुळे खणली. काही धोंड्यांवर ओळीने कोरलेले वाटीएवढे उथळ खळगे पाहून त्याला युरोपातील तशाच खुणा आठवल्या आणि त्याने दोहोंचा संबंध जोडून पाहिला. म्हणजे नागपूरच्या दगडांची युरोपशी तुलना दीडशे वर्षांपूर्वीच सुरू झाली होती, फक्त ती चुकीच्या टोकाने सुरू झाली.

वर्तुळाच्या आत काय आहे, ते पाहिले की चित्र पालटते. काळ्या-तांबड्या मृद्भांड्यांबरोबर लोखंडी कुऱ्हाडी, वाकस, छिन्न्या, खंजीर आणि घोड्याच्या तोंडात घालायच्या लगामाच्या कड्या सापडतात. माहुरझरी येथे शां. भा. देव यांच्या उत्खननात मृतांसोबत पुरलेले घोडे व त्यांच्या चेहऱ्यावरचे तांब्याचे अलंकार मिळाले. नायकुंड येथे १९७८ ते १९८० या काळातील उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. थोडक्यात, ज्यांच्याकडे दगडाला वळण लावू शकेल असे लोखंड होते, त्यांनी दगड जसाच्या तसा वापरला. आणि ज्यांच्याकडे धातू नव्हता, त्यांनी दगडाचे सांधे जुळवले. दगडाच्या घडणीवरून संस्कृतीची पायरी ठरवायची झाली तर विदर्भातील हे लोहार स्टोनहेंजकरांच्या खाली बसतील, आणि ते उघडच चुकीचे आहे. एका समाजाचे कसब स्मारकात उतरले, दुसऱ्याचे भट्टीत आणि घोड्याच्या साजात.

सिंधू संस्कृती हे याचेच आणखी ठळक उदाहरण. स्टोनहेंज उभे राहत होते त्याच शतकांत मोहेंजोदडो येथे भाजक्या विटांची घरे, झाकलेली गटारे, महास्नानगृह आणि ठरावीक वजनांची मापे होती. पण राजाचे कौतुक सांगणारे एकही प्रचंड स्मारक तेथे सापडलेले नाही. मेसोपोटेमियाच्या दक्षिण भागात तर दगडच दुर्मीळ. तेथील मंदिरे विटांची असल्याने ती झिजून टेकाडे झाली.

तुलनेचा गैरवापरही झाला आहे. आफ्रिकेतील ग्रेट झिंबाब्वेच्या दगडी भिंती स्थानिकांनी बांधल्याच नसतील, असे वसाहतवादी गोरे लोक दीर्घकाळ म्हणत राहिले आणि त्यासाठी भूमध्य सागराकाठच्या प्राचीन दर्यावर्दी फिनिशियनांपर्यंत धावले. १९०५ मध्ये रँडल-मॅकआयव्हर यांनी व १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन यांनी उत्खननातून हे काम आफ्रिकी लोकांचेच असल्याचे दाखवल्यानंतरही तो आग्रह लवकर सुटला नाही.

मोठे दगड कसे हलवले, याचे उत्तर यंत्रात शोधण्याची सवय आहे. दगड उभारण्याची परंपरा अलीकडेपर्यंत टिकलेल्या समाजांत ते माणसांच्या देण्याघेण्यात सापडते. मेघालयातील खासी, झारखंडातील मुंडा, गडचिरोली व बस्तरमधील माडिया यांच्यात मृतांच्या नावाने दगड ठेवण्याची किंवा उभारण्याची रीत आहे. नागालँडमधील अंगामी नागांमध्ये मानाचा दगड गावात आणण्याचा हक्क पैशाने मिळत नसे. ज्याला तो हवा, त्याने आधी साऱ्या गावाला जेवणावळी घालायच्या. मग गावकरी पारंपरिक वेशात, गाणी म्हणत, लाकडी घसरगाड्यावर बांधलेली शिळा दोरांनी ओढत आणत. दगड उभा राहीपर्यंत यजमानाची कोठारे बरीचशी रिकामी झालेली असत.