मुंबईच्या गावठाणातील घर

मुंबई बेटावरील आणि त्याच्या उत्तरेच्या साष्टी बेटावरील (आजची उपनगरे) जुन्या गावांत शेतकरी, बागायतदार व मच्छीमार कुटुंबांनी बांधलेले बैठे किंवा माडीचे कौलारू घर. गावठाण म्हणजे गावच्या जमिनीपैकी वस्तीची जागा. भातखाचरे, खार जमीन, मिठागरे, गुरचरण ही तिच्या भोवतीची. शहर वाढले तशी भोवतीची जमीन आधी गेली आणि वस्ती मागे राहिली. त्यामुळे वांद्र्यात, मरोळला किंवा सहारला उंच इमारतींच्या मधोमध अचानक अरुंद गल्ल्यांचा पुंजका लागतो. गिरगाव, माझगाव, नायगाव, गोरेगाव या नावांतले ‘गाव’ आपण पत्त्यात लिहितो आणि विसरतो.

या वस्त्यांत कोळी, आगरी, भंडारी, पाठारे प्रभू आणि ईस्ट इंडियन असे सगळेच होते. ईस्ट इंडियन म्हणजे पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झालेले इथले मूळ रहिवासी. गोवा-मंगळूरहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती मंडळींपासून वेगळे ओळखू यावे म्हणून त्यांनी १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, हे नाव घेतले. त्यांच्या घरात मराठी बोलीच बोलली जाई. गावठाणाच्या आतल्या छोट्या वस्तीला ते ‘पाखाडी’ म्हणतात. माझगावची माथारपाखाडी त्यातलीच. टिळकांचे सहकारी आणि १९२५ साली मुंबईचे महापौर झालेले जोसेफ उर्फ काका बॅप्टिस्टा तिथलेच.

घराची रचना पावसाने ठरवली आहे. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणून जोते उंच, काळ्या दगडाचे. छप्पर चांगले उतरते आणि वळचण भिंतीच्या बरीच पुढे आलेली, म्हणजे पागोळ्या भिंतीवर न पडता अंगणात पडाव्यात. पश्चिमेच्या झडीची भिंत पूर्वी पावसाळ्याआधी नारळाच्या झावळ्यांच्या झापांनी झाकून घेत. गरिबाचे घर कुडाचे, शेणामातीने लिंपलेले. ऐपतवाल्याचे दगडविटांचे, चुन्यात बांधलेले, सागाच्या खांब-तुळयांचे. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर याने १६७०च्या दशकात पाहिलेली मुंबईची घरे बुटकी, झावळ्यांनी शाकारलेली होती. कौले थोड्याच इमारतींवर होती आणि खिडक्यांना काचेऐवजी कालवांच्या शिंपल्यांची तावदाने होती.

आधीची कौले नळीची. ती दरवर्षी चाळावी लागत, फुटकी काढून नवी बसवावी लागत. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे एकमेकांत अडकणारी चपटी मंगलोरी कौले किनाऱ्याने वर मुंबईपर्यंत आली. आज जी छपरे ‘पारंपरिक’ म्हणून छायाचित्रांत दिसतात ती बहुतेक या कारखानी कौलांचीच आहेत.

आत शिरताना पहिला येतो ओटा. बाक, लाकडी कठडा, कधी नक्षीची झालर. घरातली म्हातारी माणसे, भाजीवाली, शेजारी या सगळ्यांची ऊठबस इथेच. त्यामागे ओटी, मग माजघर, देवघर किंवा भिंतीतली वेदी, आणि सगळ्यांत मागे चूल. भात ठेवायला माळा किंवा कणगी. माडी असली तर तिचा जिना पुष्कळदा घराबाहेरून चढतो. याचे कारण व्यवहारी आहे. खालच्या कुटुंबाच्या दारातून न जाता वरचा भाऊ किंवा भाडेकरू ये-जा करू शकतो. पुढे भाडेनियंत्रण आले आणि नाममात्र भाड्यावर वरचे मजले पिढ्यान्‌पिढ्या अडकले, त्यातही या जिन्याचा वाटा आहेच.

गिरगावातल्या खोताच्या वाडीतील घरांना सर्रास ‘पोर्तुगीज घरे’ म्हणतात. हे फारसे बरोबर नाही. मुंबई बेट १६६५ मध्येच इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि वाडी वसली ती त्यानंतर शतकाहून अधिक काळाने, पाठारे प्रभू खोताने भूखंड दिल्यावर. कमानी, रंगीत काचा, कठड्यांचे नमुने बाहेरून आले असतील. पण ओटा, उतरते छप्पर आणि माजघर हे कोकणातल्या कुठल्याही घराचे आहे.

अंगणाशिवाय हे घर अपुरे. उन्हाळ्यात चटयांवर मिरच्या आणि गरम मसाले वाळवून, कांडून वर्षाचा बाटली मसाला भरून ठेवायचा तो इथेच. कोळीवाड्यात याच जागी बांबूंच्या मांडणीवर बोंबील वाळत. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचे पाणी’ आणण्याचा ईस्ट इंडियनांचा विधी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिवतापाच्या डासांपायी शहरातल्या अनेक विहिरी झाकल्या, बुजवल्या गेल्या. गल्लीच्या तोंडाशी असतो खुरीस, म्हणजे क्रूस. यातले बरेच १८९६ च्या प्लेगच्या काळात, गावावरची साथ टळावी म्हणून उभारलेले. मे महिन्यात संध्याकाळी त्याभोवती प्रार्थना होते.

माहीमचा कॉजवे १८४५ मध्ये झाला, १८६७ मध्ये विरारपासून बॅकबेपर्यंत गाडी सुरू झाली आणि साष्टीची गावे शहराच्या हाताशी आली. गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ नुसार जिल्हाधिकाऱ्याला आहे. व्यवहारात घरमालकांना छळते ती याहून साधी गोष्ट: एका घरावर अनेक वारस, कागद पणजोबांच्या नावावर, आणि छपराची लाकडे कुजत चाललेली. १९९५ च्या वारसा नियमावलीने खोताच्या वाडीसारख्या जागा यादीत आल्या, पण यादी म्हणजे दुरुस्तीचा खर्च नव्हे. कौले चाळणारे कारागीर मिळेनासे झाल्यावर अनेकांनी वर पत्रा टाकला, नाहीतर दर जूनमध्ये निळी ताडपत्री.

ओटा, अंगण, विहीर आणि मोकळी जमीन एका दृष्टीत पाहायची असेल तर मार्व्याहून बोटीने खाडी ओलांडून मनोरीला जावे. तिथे घराच्या मागच्या दारातून बाहेर पडल्यावर अजून भिंत आडवी येत नाही.