शेजारचा फ्लॅट जोडून आई-वडिलांना जवळ आणायचंय? अर्ज कुठे अडतो ते आधी वाचा

मुंबईत म्हाताऱ्यांसाठी अंगणात वेगळी खोली बांधायला अंगण कुणाकडे आहे? म्हणून लोक शेजारचा वन रूम किचन घेतात आणि मधल्या भिंतीत दार काढतात. "आतलंच तर काम आहे, परवानगी कशाला?" इथेच पहिली चूक होते. रंग, फरशी, प्लास्टरला परवानगी लागत नाही. दोन सदनिका एक करायला लागते.

अर्ज परवानाधारक आर्किटेक्टमार्फत जातो. दोन्ही फ्लॅटचे नोंदणीकृत करार, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची एनओसी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला, एवढं बहुतेकांकडे जमतं. मात्र एका सर्टिफिकेटवर अजून वारलेल्या आजोबांचं नाव असेल, तर आधी ते बदलून घ्या.

खरी अडचण मंजूर नकाशाची. सोसायटीच्या कपाटात निघते ती वाळवी लागलेली झेरॉक्स, आणि बिल्डरचा पत्ता नसतो. अशा वेळी इमारतीचा सीटीएस क्रमांक (जमिनीचा नगर भूमापन क्रमांक) आणि मिळाला तर जुना फाइल क्रमांक घालून माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. "फाइल सापडत नाही" एवढंच उत्तर आलं तर गप्प बसू नका, 30 दिवसांत पहिलं अपील करा. भोगवटा प्रमाणपत्र (ओसी, म्हणजे इमारत वापरायच्या परवानगीचा दाखला) नसलेल्या इमारतीत तर प्रकरण सुरुवातीलाच अडकतं. म्हणून हा प्रश्न शेजारचा फ्लॅट घेण्याआधी विचारायचा, टोकन दिल्यावर नाही.

अर्ज कुठे द्यायचा तेही बघा. साध्या खासगी इमारतीसाठी पालिकेचा इमारत प्रस्ताव विभाग. म्हाडाच्या वसाहतींसाठी 2018 पासून म्हाडाच. झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेतली इमारत असेल तर झोपु प्राधिकरण. चुकीच्या खिडकीवर महिना गेला तरी तो महिना कुणी भरून देत नाही.

आता साठ दिवसांचा घोळ. एमआरटीपी कायदा 1966 (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा), कलम 45 प्रमाणे साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाल्याचं मानलं जातं. लोक इतकंच वाचतात आणि एकसष्टाव्या दिवशी घण घेतात. पण मध्ये त्रुटीचं पत्र आलं असेल, तर साठ दिवस तुमच्या उत्तरापासून पुन्हा मोजायचे. शिवाय प्रस्ताव विकास नियंत्रण नियमावलीत तंतोतंत बसला पाहिजे. अधिकाऱ्याचं पत्र शेवटच्या आठवड्यातच का येतं, ते वेगळं सांगायला नको. मिळालेली परवानगीही एका वर्षाचीच असते, काम लांबलं तर वाढवून घ्यावी लागते.

जुन्या इमारतीत भिंतच भार पेलत असते. तिथे इंजिनिअर नाही म्हणाला तर दुसरा इंजिनिअर शोधू नका.

आणि नकाशातच दार 90 सेंटिमीटर मोकळं, बिनउंबऱ्याचं दाखवायला सांगा. वडिलांची चाकाची खुर्ची अडली की मग पुन्हा सुधारित नकाशा, पुन्हा तीच रांग.